ॲक्सलचे बेअरिंग व पुलरचा वापर

आदिलाबादहून गुडीहतनूर व इंद्रवेल्ली या मार्गाने उटनूरकडे जाऊ लागले म्हणजे सपाट काळी जमीन मागे पडून डोंगर आणि सागाचे अरण्य सुरू होते. उटनूर हे एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेचे मुख्यालय आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात असलेल्या या भागाचे यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर या शेजारच्या जिल्ह्यांशी असलेले नाते जुने आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर कापूस एकच, काळी माती एकच आणि बाजारात ऐकू येणारी मराठीही बव्हंशी एकच. याच परिसरात केस्लापूर येथे पौष अमावस्येच्या सुमारास नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि गोंड कुटुंबे बैलगाड्यांची रांग लावून जत्रेला येतात.

या बैलगाड्यांची चाके एके काळी संपूर्ण लाकडी असत. तुंबा, आरे, वरून लोखंडी धाव आणि मध्ये आस. आसाला वंगण दिले नाही तर गाडी कुरकुर करी व लोकांना दुरूनच कळे की अमक्याची गाडी येत आहे. आस झिजला तर गावातील सुतार नवा करून देई. आता मात्र टायरची बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, जीप व मालमोटार ही वाहने खेडोपाडी पोचली आहेत. त्यांच्या चाकात आस नुसता फिरत नाही. आस व चाक यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांचे किंवा रोलरचे कडे बसविलेले असते. त्यालाच बेअरिंग म्हणतात. परिभाषेत त्याला ‘धारवा’ असा चांगला मराठी शब्द आहे. परंतु कारखान्यात तो कोणी उच्चारीत नाही, म्हणून येथेही रूढ शब्दच वापरला आहे.

चाक बदलले, पण ते दुरुस्त करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी लाकडी चाकाच्या काळातीलच राहिली. बिघडलेले बेअरिंग छिन्नी लावून हातोड्याने ठोकून काढावयाचे, न निघाल्यास गॅसच्या ज्योतीने तापवावयाचे, आणि नवे बेअरिंग पुन्हा ठोकूनच बसवावयाचे. या रीतीने काम झाल्यासारखे दिसते. त्याची किंमत पुढे काही दिवसांनी, बहुधा भरल्या ट्रॉलीनिशी, रस्त्यात मोजावी लागते. पुलर नावाचे एक साधे हत्यार वापरल्यास हे सर्व टळते.

बेअरिंगची कल्पना समजण्यासाठी शाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग आहे. डब्याचे एक झाकण मेजावर उलटे ठेवून त्यात सारख्या आकाराच्या गोट्या भराव्यात, त्यावर थोडे लहान असे दुसरे झाकण ठेवून वर पुस्तकांचा ढीग रचावा आणि बोटाने फिरवावे. ढीग अलगद फिरतो. गोट्या काढून घेतल्या तर तोच ढीग हलविताना बोट दुखते. घासण्यापेक्षा गडगडण्याला विरोध फार कमी होतो, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते.

मोटारीच्या व ट्रॉलीच्या चाकात बहुधा निमुळत्या रोलरचे, म्हणजे टेपर बेअरिंग असते. त्याचे पेटंट १८९८ साली अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांनी घेतले. टिमकेन हे सेंट लुइस येथे घोडागाड्या बनविणारे गृहस्थ होते. वळणावर गाडी कलली म्हणजे चाकावर केवळ वरून भार येत नाही, बाजूनेही रेटा येतो, ही गाडीवानाला ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी यंत्रात उतरविली. पुढे १९०७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे स्वेन विंगक्विस्ट या कापड गिरणीतील अभियंत्याने स्वतःहून सरळ होणारे गोळ्यांचे बेअरिंग शोधले. ती गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन खचे, दांडे वाकडे होत आणि बेअरिंगे वारंवार जात. काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच शोधावर उभी राहिलेली एसकेएफ ही कंपनी १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवड येथे आली. जयपूर येथील देशी कारखाना तर १९४६ चा आहे. तात्पर्य, आज उटनूरच्या बाजारात मिळणारे बेअरिंग परदेशी असेलच असे नाही. परंतु ते ज्या काटेकोर मापाने बनविलेले असते, ते माप कोठेही तेच असते.

चाकाचे बेअरिंग बिघडले हे तीन खुणांवरून ओळखता येते. चाक फिरताना घरघर किंवा खरखर असा आवाज येतो व वेगाबरोबर तो वाढतो. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, हाताला चटका बसेल इतका तापतो. आणि चाक जॅकवर उचलून वर व खाली धरून हलविले असता ते डुगडुगते. या भागात बिघाडाचे एक विशेष कारण आहे, ते म्हणजे पावसाळ्यातील नाले. दहा-पंधरा किलोमीटर धावून आलेल्या ट्रॉलीचा हब तापलेला असतो. तो एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी व गाळ आत ओढला जातो. पाणी ओसरल्यावर वरून काहीच दिसत नाही. आत मात्र ग्रीसचा ताकासारखा पांढुरका लगदा होतो, रोलरना गंज चढतो, आणि कापसाची वाहतूक सुरू होण्याच्या ऐन वेळी चाक आवाज करू लागते. नाल्यांतून ये-जा झालेल्या ट्रॉलीची चाके पावसाळा संपताच उघडून पाहण्याचा परिपाठ म्हणूनच ठेवावा.

आता मुख्य प्रश्न असा, की बेअरिंग सहज का निघत नाही. त्याचे आतील कडे ॲक्सलवर मुद्दाम घट्ट बसविलेले असते. कड्याचे भोक ॲक्सलच्या जाडीपेक्षा किंचित लहान ठेवतात. हा फरक एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यांपैकी एक ते तीन भाग इतकाच असतो. माणसाच्या डोक्याचा केस याहून जाड भरतो. तरीही पोलादाला पोलाद एवढे आवळते की हाताने कडे हलत नाही. त्यात गंजाची भर पडली म्हणजे विचारावयास नको.

अशा वेळी हातोडा हाती घेतला जातो आणि त्यातून तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले बेअरिंगचे. बाहेरच्या कड्यावर मारलेला टोला गोळ्यांतून किंवा रोलरमधून आतल्या कड्यावर जातो व त्यांच्या धावपट्टीवर बारीक खळगे पडतात. जुने बेअरिंग फेकूनच द्यावयाचे असेल तर त्याचे दुःख नाही. परंतु केवळ सील बदलण्यासाठी काढलेले चांगले बेअरिंगही असेच मरते, आणि नवे बसविताना तर हा दोष फारच महागात पडतो. दुसरे नुकसान ॲक्सलचे. छिन्नी एका बाजूने लागते, कडे तिरपे होऊन अडकते, ॲक्सलवर ओरखडे उठतात व टोकाचे आटे चेपतात. अशा ॲक्सलवर पुढचे कोणतेही बेअरिंग नीट बसत नाही. गॅसची ज्योत तर याहून वाईट. कड्याबरोबर ॲक्सलही लाल होतो, त्याला कारखान्यात दिलेले पाणी उतरते, आणि तो पुढे कधी तरी वाकतो किंवा तुटतो.

तिसरे नुकसान माणसाचे. बेअरिंगचे पोलाद फार कठीण, म्हणूनच ठिसूळ असते. कठीण पोलादावर कठीण हातोड्याचा घाव बसला की त्याची कपची गोळीसारखी उडते. ती डोळ्यात शिरली तर डोळा जाऊ शकतो. खेड्यातील मिस्त्री साधा चष्माही न लावता हे काम करतो, आणि शिकाऊ पोरगा दिवा धरून त्याच्या अगदी तोंडाशी बसलेला असतो. त्या पोराचे वय व त्याचा चेहरा कोठे आहे, हे दुकानाच्या मालकाने एकदा नीट पाहावे.

पुलरची रचना अगदी साधी आहे. मध्ये एक लांब आट्यांचा स्क्रू, त्यावर एक आडवी पट्टी, आणि पट्टीला दोन किंवा तीन आकडे. आकडे बेअरिंगच्या मागे अडकवावयाचे, स्क्रूचे टोक ॲक्सलच्या मध्यभागी टेकवावयाचे आणि पान्याने स्क्रू फिरवावयाचा. ॲक्सल मागे जाऊ शकत नाही, म्हणून बेअरिंग पुढे येते. दोनपेक्षा तीन आकड्यांचे पुलर चांगले. ते तिरपे होत नाही.

एवढ्याशा हत्यारात बळ कोठून येते, हा शिक्षकांनी वर्गात घेण्याजोगा विषय आहे. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला की त्याची तिरपी कड आट्यांसारखी दिसते. स्क्रू म्हणजे गुंडाळलेला उतारच होय. समजा, स्क्रूच्या एका फेऱ्यात तो २ मिलिमीटर पुढे सरकतो आणि पान्याची लांबी २५ सेंटिमीटर आहे. हात एका फेऱ्यात सुमारे १५७ सेंटिमीटर फिरतो आणि स्क्रू सरकतो फक्त २ मिलिमीटर. म्हणजे बळ हिशेबाने ७८५ पट व्हावयास हवे. आट्यांतील घर्षणात त्याचा बहुतेक भाग खर्ची पडतो. सहावा हिस्सा उरला असे धरले तरी हाताने लावलेल्या २० किलोच्या जोराचे अडीच टनांहून अधिक ओढ तयार होते. शिवाय ही ओढ सरळ रेषेत, सावकाश व सर्व बाजूंनी सारखी असते. स्क्रूला तेल किंवा ग्रीस लावण्याचे महत्त्वही या हिशेबावरून कळेल. घर्षण जितके कमी, तितके बळ अधिक उरते.

ट्रॉलीच्या चाकाचे काम पुढीलप्रमाणे करावे. ट्रॉली रिकामी करून सपाट, टणक जागी उभी करावी. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. जॅकच्या भरवशावर राहून खाली हात घालणे अत्यंत धोक्याचे आहे. ॲक्सलखाली मजबूत घोडी किंवा लाकडाचे जाड ठोकळे द्यावेत. दगड किंवा विटा रचू नयेत, कारण त्या न सांगता फुटतात. चाक काढल्यावर हबची टोपी उघडावी, स्प्लिट पिन सरळ करून काढावी, नट व वॉशर काढावा. बाहेरचे लहान बेअरिंग येथे हातानेच निघते. हब ओढून घेतला की बाहेरचे कडे, ज्याला मिस्त्री कप म्हणतात, हबमध्ये राहते, आणि आतले मोठे बेअरिंग पुष्कळदा ॲक्सलवरच चिकटून बसलेले दिसते.

हे मोठे बेअरिंग काढताना आकडे कशाला लावावेत, याला सर्वांत अधिक महत्त्व आहे. जे कडे घट्ट बसलेले असेल त्याच कड्याला ओढ लागली पाहिजे. येथे आतले कडे घट्ट आहे, म्हणून आकडे त्याच्याच पाठीमागे गेले पाहिजेत. रोलरना धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या जाळीला आकडे लावले तर जाळी फाटून हाती येते आणि कडे जागच्या जागी राहते. मागे आकडा जाण्यास जागा नसेल तर सेपरेटर वापरावा. ही दोन अर्धगोल पट्ट्यांची जोडी असते. त्यांच्या पातळ कडा बेअरिंगच्या मागे सरकवून दोन बोल्टांनी आवळतात व पुलर त्या पट्ट्यांना जोडतात.

स्क्रूचे टोक ॲक्सलच्या टोकावरील मध्यखळीत नीट बसावे. ॲक्सलचा नट टोकाशी सपाट येईल इतका परत लावून ठेवल्यास आटे सुरक्षित राहतात. मग स्क्रू हळूहळू आवळावा, पुलर तिरपे जात नाही ना हे पाहत राहावे आणि वरून जाड गोणपाट टाकावे, म्हणजे काही निसटले वा तुटले तर ते गोणपाटात अडकेल. स्क्रूच्या समोर कोणी उभे राहू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच. स्क्रू फारच जड झाला तर पान्याला नळी घालून जोर करणे हा मोह टाळावा. आकडा तुटण्याचे ते ठरलेले कारण आहे. त्याऐवजी ताण तसाच ठेवून कड्याच्या सांध्यात गंज सोडविणारे तेल सोडावे आणि थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा मंडळी चहा पिऊन परततात तोवर ‘टक्’ असा आवाज होऊन कडे सुटलेले असते. काही मिस्त्री ताण दिल्यावर स्क्रूच्या डोक्यावर हलका टोला देतात. हलका असेल तर साध्या पुलरला तो सोसतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक पुलरवर मात्र तो कदापि देऊ नये.

काही वाहनांच्या मागील ॲक्सलची रचना निराळी असते. तेथे चाक थेट ॲक्सलच्या दांड्याला जोडलेले असते, बेअरिंग दांड्यावर दाबून बसविलेले असते आणि ते सरकू नये म्हणून मागे एक घट्ट कॉलर असते. चाकासह दांडा गाडीत टिकतो तो या बेअरिंगच्या व कॉलरच्या जोरावर. कॉलर ढिली झाली तर धावत्या गाडीचे चाक दांड्यासकट बाहेर येऊ शकते. अशा ठिकाणी ड्रम काढून, बॅकप्लेटचे नट सोडून स्लाइड हॅमरने दांडा बाहेर काढतात. स्लाइड हॅमर म्हणजे सळईवर सरकणारे वजन. ते आपल्याकडे झटक्याने ओढले की टोकाच्या अडणीवर आपटते व दांडा बाहेर खेचला जातो. कॉलरला ड्रिलने अर्धवट भोक पाडून, दांड्याला ड्रिल न लागेल अशी काळजी घेऊन, छिन्नीने ती फोडतात. बेअरिंग मग सेपरेटर व पुलरने किंवा प्रेसवर निघते. नवी कॉलरच वापरावी. जुनी पुन्हा बसविणे म्हणजे जाणूनबुजून अपघाताला निमंत्रण होय. काही जुन्या जीपांचा हब निमुळत्या दांड्यावर चावीने बसविलेला असतो. त्याला हबचे स्वतंत्र जाड पुलर लागते, साध्या आकड्यांचे चालत नाही.

निघालेले बेअरिंग फेकण्यापूर्वी डिझेलमध्ये धुऊन उजेडात पाहावे. ते बिघाडाचे कारण सांगते. निळसर किंवा तपकिरी रंग चढला असेल तर ग्रीस कमी पडले अथवा नट फार आवळला गेला. तांबूस चट्टे असतील तर पाणी शिरले. ठराविक अंतरावर खळगे असतील तर मागच्या खेपेस कोणी तरी हातोडा वापरला. धुतलेले बेअरिंग हवेच्या नळीने गरगरा फिरविण्याचा खेळ शिकाऊ मुलांना आवडतो; तेल नसलेले बेअरिंग त्या वेगात बिघडते व फुटूही शकते, म्हणून तो बंद करावा.

नवे बेअरिंग घेताना कप व आतले कडे यांची जोडी एकाच संचातील घ्यावी. कप हबमध्ये मऊ धातूच्या सळईने, समोरासमोर आळीपाळीने हलके टोले देत, तळाशी टेकेपर्यंत बसवावा. आतल्या कड्यासाठी तेलाचा उपाय उत्तम आहे. पसरट भांड्यात स्वच्छ तेल घेऊन, बेअरिंग तळाला टेकणार नाही असे टांगून, ते सुमारे १०० अंशांपर्यंत तापवावे. १२० अंशांच्या वर जाऊ नये. शाळेच्या प्रयोगशाळेतील ११० अंशांचा तापमापक येथे उपयोगी पडतो, फक्त तो उसना नेल्यास परत करावा. ५० मिलिमीटर भोकाचे कडे ७० अंशांनी तापले की भोक एक मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी चार भागांनी मोठे होते. म्हणजे घट्टपणा नाहीसा होऊन कडे अलगद सरकते. जाड हातमोजे घालून ते एका दमात बसवावे. तेलात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. उकळते तेल अंगावर उडते.

ग्रीस नुसते वरून फासून भागत नाही. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावी, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हब मात्र ठासून भरू नये, नाही तर ते तापते. सील नवे घालावे. नट आवळताना चाक हाताने फिरवीत राहावे. चाक जड झाले की नट किंचित मागे घेऊन जवळच्या भोकाशी स्प्लिट पिन जुळवावी. वाहनाच्या पुस्तिकेत माप दिले असेल तर तेच पाळावे. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालणे किंवा तिच्या जागी तार अथवा खिळा वापरणे हे जत्रेच्या व बाजाराच्या घाईत सर्रास होते. ट्रॉली माणसे वाहण्यासाठी नाही, कायद्यालाही ते मान्य नाही. तरी प्रत्यक्षात तिच्यात बायका-मुले बसलेली असतात, आणि ती पिन तेव्हाही तीच असते.

पुलर प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने विकत घ्यावे, असे नाही. तीन-चार गावांत मिळून एक मध्यम आकाराचे तीन आकड्यांचे पुलर, एक सेपरेटर व दोन चष्मे असले तरी पुरतात. सहकारी संस्थेने किंवा महिला बचतगटाने ते घेऊन नोंदवहीवर भाड्याने दिल्यास हत्यारही टिकते. लोहाराकडून साध्या लोखंडाचे पुलर बनवून घेण्याकडे कल असतो. पट्टी तशी चालेल, आकडे मात्र चालत नाहीत, ते उघडतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार, डिझेल व ट्रॅक्टर यांत्रिकीचे अभ्यासक्रम घेणारी मुले हे हत्यार हाताळून बाहेर पडतात. गावी परतल्यावर दुकानात ते नसल्यामुळे तीच मुले पुन्हा छिन्नी धरतात, ही गोष्ट संबंधित अधिकाऱ्यांनी साधनांच्या संचाची यादी करताना ध्यानी घ्यावी.

काम झाल्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून ट्रॉली थांबवावी व हबवर हाताची पालथी बाजू टेकवून पाहावी. कोमट लागल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल तर नट फार आवळला गेला आहे किंवा ग्रीस कमी आहे. ट्रॉली तशीच पुढे न नेता तेथेच रिकामी करून चाक पुन्हा उघडावे. पुलर पुसून, स्क्रूला तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवावे.